दवाखान्याच्या टाकीचं झाकण

चौतीस वर्षं माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात एक छोटी बाटली असायची, ऑर्थोटोलिडिनची. आमच्या खात्यात तिला नुसतं 'ओटी' म्हणतात. नळाखाली काचेची नळी धरायची, पाणी भरायचं, ओटीचे दोन-चार थेंब टाकायचे आणि नळी उजेडाला धरायची. पाण्यात मोकळं क्लोरीन शिल्लक असेल तर दहा सेकंदांत पिवळा रंग येतो. नाहीच आला तर वहीत 'निगेटिव्ह' लिहायचं, सरपंचांना गाठायचं, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, संपली की टाकायचीच राहिली ते विचारायचं. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याला लागून असलेल्या एका तालुक्यात मी १९८४ साली आरोग्यसेवक म्हणून लागलो आणि २०१८ साली आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो.

वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, गावोगावच्या पाण्याच्या जागांची पाहणी असायची. विहिरीला कठडा आहे का, भोवती सांडपाणी साचतं का, पाइप गटारातून गेलाय का, पावडर कोरड्या जागी ठेवलीय का, मागच्या वर्षात गॅस्ट्रोची साथ आली होती का. त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळायचं. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, नसेल तर हिरवं. लाल कार्ड गावाला लागायचं. सरपंच चिडायचे, बायका मात्र थांबवून विचारायच्या, की नेमकं काय चुकलं ते सांगा. त्या बायकांमुळे माझ्या कामाला अर्थ होता.

२००९च्या सुमाराला तालुक्याच्या गावी आरोग्य सेवांवर जनसुनवाई भरली. मांडवात तीनेकशे माणसं, पुढं टेबलामागं जिल्ह्याचे अधिकारी, पंचायत समितीचे सदस्य, दोन पत्रकार. आम्ही कर्मचारी एका बाजूच्या सतरंजीवर. साठीच्या एक बाई उठल्या. त्यांची सून आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंत झाली, तेव्हा प्रसूतिगृहातल्या नळाला पाणी नव्हतं. बाईंनी रात्री रस्त्यापलीकडच्या हापशावरून चार कळश्या आणल्या होत्या. एवढं सांगून त्या खाली बसतील असं वाटलं, पण त्या माझ्याकडं वळल्या.

"आवं डाक्टर, आमच्या हिरीला तुमी लाल कारड देता. दवाखान्याच्या टाकीला कोन देतं?"

मी डॉक्टर नव्हे. पण गावात खाकी पिशवी घेऊन हिंडणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच डॉक्टर म्हणतात. मी उभा राहिलो आणि मला उत्तर देता आलं नाही. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझी बाटली दोन-अडीचशे विहिरींवर गेली होती. ज्या इमारतीत माझी हजेरी लागायची तिच्या टाकीपर्यंत ती एकदाही गेली नव्हती.

तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा मी त्याचा माग काढत गेलो. मला जे दिसलं ते असं, की इस्पितळाच्या पाण्याबद्दलचा प्रश्न आतल्या माणसाला सुचत नाही. तो नेहमी बाहेरून येतो, आणि तो विचारण्याचा हक्क लोकांना टप्प्याटप्प्यानं, झगडून मिळवावा लागला आहे.

इस्तंबूलसमोर, बॉस्फरसच्या आशियाई काठावर स्कुटारीला तुर्कांची एक अवाढव्य बराक आहे. क्रिमियाच्या युद्धात इंग्रजांनी तिथं लष्करी इस्पितळ केलं. फ्लोरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन नोव्हेंबर १८५४ मध्ये तिथं पोचली. आपण शाळेत तिची गोष्ट दिव्यापाशी थांबवतो. खरी गोष्ट पुढं आहे. ती आल्यावरही माणसं मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्या शंभरांतले ४२ दगावत होते, आणि बहुतेक जखमांनी नव्हे, जुलाबानं आणि तापानं. मार्चमध्ये लंडनहून एक स्वच्छता आयोग आला. त्यात जॉन सदरलँड आणि हेक्टर गॅव्हिन हे दोन डॉक्टर आणि रॉबर्ट रॉलिन्सन हे अभियंता होते. त्यांनी रुग्णांकडे पाहण्याआधी इमारतीच्या खाली पाहिलं. गटारं तुंबून वर आली होती. इस्पितळाला पाणी आणणाऱ्या वाटेत मेलेला घोडा पडला होता. गटारं धुतली, मेलेली जनावरं उचलली, खिडक्या उघडल्या. उन्हाळा लागेपर्यंत मृत्यूचं प्रमाण शेकडा २ च्या आसपास आलं.

हे तिघं तिथं पोचले कसे, ते मला त्या घोड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. सेनापतींनी त्यांना बोलावलं नव्हतं. इस्पितळाच्या प्रमुखांनी तर सारं ठीक असल्याचं कळवलं होतं. लंडनच्या 'टाइम्स'मधून विल्यम हॉवर्ड रसेल आणि टॉमस चेनरी या बातमीदारांनी सैनिकांची दैना छापली, ती घराघरांत वाचली गेली, लोक खवळले, आणि जानेवारी १८५५ मध्ये सरकार पडलं. नव्या सरकारला काहीतरी करणं भाग होतं. ज्यांची मुलं त्या इस्पितळात पडली होती, त्यांनी हजारो मैलांवरून त्या पाण्याच्या वाटेचं झाकण उघडायला लावलं.

नाइटिंगेल हिंदुस्थानात कधी आली नाही. पण पुढची कित्येक वर्षं तिनं आपल्या इथल्या पाण्यावर घालवली. गोऱ्या फौजेच्या आरोग्यासाठी १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगाच्या कामात ती होती. छावण्यांना छापील प्रश्नावल्या गेल्या. पाणी कुठून येतं, कसं उपसतात, कशातून वाहतात, कशात साठवतात. १८६३च्या अहवालानं सांगितलं, की हिंदुस्थानातल्या फौजेत वर्षाला हजारी ६९ माणसं मरतात, आणि लढाईत नव्हे. मी त्या प्रश्नांची यादी वाचली तेव्हा माझ्या एप्रिल-ऑक्टोबरच्या फॉर्मची पणजी भेटल्यासारखं झालं. कठडा, सांडपाणी, उपसण्याचं भांडं, सगळं तेच.

पुढं तिची नजर छावणीतून गावाकडे वळली आणि तिथं तिची गाठ आपल्या पुण्याशी पडली. १८७० साली गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी पुणे सार्वजनिक सभा काढली. तिची रचना मला फार मोलाची वाटते. सहा हजार लोकांनी दिलेल्या मुखत्यारपत्रांवर ९५ प्रतिनिधी त्या सभेत बसले. मत देण्याचा अधिकार कुणालाच नसलेल्या काळात 'मी इतक्या लोकांच्या वतीनं बोलतो' असं कागदावर लिहून घेऊन सरकारपुढं उभं राहायचं. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेनं जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला धाडली. अशा सभेशी नाइटिंगेलचा गावांच्या स्वच्छतेविषयी पत्रव्यवहार होता. तिचं म्हणणं असं, की गावाकडून घेतलेल्या करावर पहिला हक्क गावाच्या स्वच्छतेचा असला पाहिजे. लोकांकडून पैसा घ्यायचा आणि त्यांच्या विहिरीसाठी तिजोरीत काही नाही म्हणायचं, हे चालणार नाही.

मुंबई इलाख्यात १८८९ साली ग्राम स्वच्छता कायदा झाला. गावातल्याच माणसांची स्वच्छता समिती नेमायची, पाण्याच्या जागा स्वच्छ राखण्याचे नियम करायचे, पाणी नासवणाऱ्याला दंड करायचा, अशी त्याची कल्पना. मी नोकरीत असताना 'ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती' असं लांबलचक नाव दर महिन्याच्या अहवालात लिहायचो आणि मला वाटायचं हे २००५ नंतर दिल्लीनं काढलेलं नवं काही आहे. तिची मुळं सव्वाशे वर्षांमागच्या याच इलाख्यातल्या कायद्यात आहेत. फरक एवढाच, की १८८९च्या समित्यांकडे पैसा नव्हता आणि आमच्या समितीला गावामागं वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी मिळाला. दोन्ही समित्यांची नजर मात्र गावाच्या विहिरीपाशी थांबत होती. सरकारी दवाखान्याच्या दारात गावाचा अधिकार संपायचा.

तो दरवाजा लोकांना किती परका वाटत होता हे प्लेगनं दाखवलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी पहिला रुग्ण ओळखला. रुग्णांना बळजबरीनं इस्पितळात हलवू लागले. २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. आत नेलेला माणूस जिवंत परतत नाही, आत मारतात, असा समज पसरला होता. आत काय चालतं हे पाहायची सोय नसली की लोक अफवेवर विश्वास ठेवतात. माझ्या नोकरीतही मी हे पाहिलं आहे. लसीकरणाच्या वेळी ज्या वस्तीनं दारं लावून घेतली, त्याच वस्तीतल्या चार बायकांना शीतपेटी उघडून दाखवल्यावर दारं उघडली.

मग जातीजमातींनी आपापली प्लेग इस्पितळं काढली. मुंबईत अशी अनेक निघाली. पुण्यात १८९७ साली हिंदू प्लेग इस्पितळ निघालं, त्यात टिळकांचा पुढाकार होता. सरकारी इस्पितळात कुणाच्या हातचं पाणी तोंडाशी येईल ही धास्ती त्यामागच्या कारणांत होती. इस्पितळाच्या पाण्यावर लोकांनी हक्क सांगितला खरा. पण प्रश्न विचारला तो 'कुणाच्या हातचं' असा, 'स्वच्छ आहे का' असा नव्हे, आणि ज्यांच्या हातचं कुणालाच चालत नव्हतं ती माणसं त्या हक्काच्या बाहेर राहिली. त्याच वर्षी पुण्याबाहेर हडपसरजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी दवाखाना चालवला. तिथं जात विचारली जात नव्हती. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. १८६८ साली याच घरानं दारातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. हौद आणि दवाखाना एकाच घरानं उघडला, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

पुढचा टप्पा कायदेमंडळातला. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. चवदार तळ्यामुळे आपण तो पाण्याचा ठराव म्हणून लक्षात ठेवतो. पण त्याचा मजकूर नीट वाचावा. सरकारी पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, त्यांच्या बरोबरीनं शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, असा तो आहे. पाणवठा आणि दवाखाना एकाच वाक्यात. महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला, पण कागद कागदच राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर तळ्यात उतरले, ओंजळभर पाणी प्याले, आणि कोर्टातली लढाई १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात जिंकली गेली. ठराव ते निकाल, चौदा वर्षं. ठराव होणं आणि पाणी मिळणं यांत केवढं अंतर असतं, हे जनसुनवाईच्या फायली पाहताना मला सारखं आठवायचं.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, उपकेंद्रं आली, पण दवाखाना 'वरून आलेला' आणि गाव 'खालचं' ही मांडणी तशीच राहिली. ती पहिल्यांदा उलटी केलेली मी जामखेडला पाहिली. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं तिथं काम सुरू केलं. १९७२ च्या आसपासच्या दुष्काळात लोकांना औषधाआधी पाणी हवं होतं. त्यांनी कूपनलिका घेतल्या आणि त्या दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे साऱ्या गावाला पाण्यासाठी तिथं यावं लागेल. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. खात्याकडून आमची एक तुकडी तिथं प्रशिक्षणाला गेली होती. तिथल्या एका बाईनं मला हापशाची दुरुस्ती करून दाखवली आणि त्याच हातानं हात धुऊन गरोदर बाईचं पोट तपासून बाळाचं डोकं कुठं आहे ते सांगितलं. पाण्याचं खातं वेगळं आणि आरोग्याचं खातं वेगळं, अशी सवय झालेल्या मला ते पाहून खूप काही कळलं.

महाराष्ट्रात २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली, ती पाच जिल्ह्यांत. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद. राज्यभर समन्वयाचं काम पुण्याच्या 'साथी' या संस्थेकडे होतं. गाव, आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा, राज्य अशा पाच पायऱ्यांवर समित्या. लोकांनी ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरांना रंग द्यायचे, चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल, आणि तो रंगांचा तक्ता दवाखान्याच्या भिंतीवर लावायचा. मग जनसुनवाई. आम्ही गावाला रंग देत होतो, आता गाव आम्हाला रंग देऊ लागलं. खरं सांगतो, सुरुवातीला आम्हा कर्मचाऱ्यांना ते झोंबलं. रिक्त जागा आमच्या हातात नाहीत, औषधांचा पुरवठा आमच्या हातात नाही, आणि शिव्या आम्ही का खायच्या? युनियनच्या बैठकीत मीही हे बोललो आहे.

पण त्या बाईंच्या प्रश्नानंतर चौथ्या दिवशी आम्ही टाकीवर चढलो. वैद्यकीय अधिकारी, मी, सरपंच, समितीतल्या दोन बायका, आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या आजी. लोखंडी शिडी गंजलेली होती. आजींनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि कुणाचा हात न धरता वर आल्या.

टाकी सिमेंटची, दहा हजार लिटरची. तिच्या भिंतीवर ऑइलपेंटनं चौकोन आखून 'टाकी साफ केल्याचा दिनांक' लिहिलेला होता आणि तारीख गेल्या महिन्यातली होती. झाकण फुटलेलं, त्यावर पत्रा, पत्र्यावर दगड. दगड बाजूला केला तेव्हा आतून कुबट वास आला. विजेरीच्या उजेडात कडेचं हिरवं शेवाळ दिसलं, तळाला बोटभर गाळ, आणि पाण्यावर कबुतराची पिसं. या पाण्यानं प्रसूतिगृहात हात धुतले जात होते. हे पाणी निर्जंतुकीकरणाच्या भांड्यात जात होतं. जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कालवून पाजायचं ते यातूनच.

मी बाटली काढली, नळी भरली. आजींनी माझ्या हातातून ती घेतली आणि उजेडाला धरली. मी थेंब टाकले. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत राहिलो. रंग आला नाही.

"पिवळं हुईत न्हाई," त्या म्हणाल्या.

कुणी काही बोललं नाही. खाली आमच्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी आत जाऊन एक फाइल आणली. मोटर जळाल्याबद्दल, बोअरचं पाणी आटल्याबद्दल, झाकणाबद्दल त्यांनी वर तीन पत्रं लिहिली होती. तीनही पत्रांची पोच होती, उत्तर एकालाही नव्हतं. बाळंतपणाची केस आली की त्या स्वतःच्या क्वार्टरमधून बादल्या आणायच्या. गावाचा राग दोन वर्षं त्या बाईवर निघत होता. ती फाइल आजींना वाचता येत नव्हती. सरपंचांनी मोठ्यानं वाचून दाखवली. त्या दिवसापासून गाव आणि सिस्टर एका बाजूला झाले. देखरेख म्हणजे कर्मचाऱ्याला चोर ठरवणं, असं माझ्या बरोबरीच्या कित्येकांना अजून वाटतं. आमच्याकडे तिनं एकट्या पडलेल्या बाईच्या तीन पत्रांना तीनशे साक्षीदार मिळवून दिले.

पैसा होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्या काळात प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला रुग्ण कल्याण समितीचे एक लाख, देखभालीचे पन्नास हजार आणि अबंधित पंचवीस हजार रुपये मिळत. त्याआधीच्या वर्षीचा बराच पैसा परत गेला होता, कारण समितीची बैठकच झाली नव्हती. आता बैठक झाली, बाहेर व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. मोटर दुरुस्त करायची, झाकण बसवायचं, शिडी बदलायची, प्रसूतिगृहात कोपरानं उघडायचा नळ लावायचा, असे ठराव झाले. एक ठराव आजींनी घालायला लावला: भिंतीवरच्या तारखेपुढं साफ करणाऱ्याची सही आणि वर चढून बघणाऱ्या गावच्या माणसाचं नाव.

टाकी रिकामी करून घासली. मी पोरांना पावडर कालवायला शिकवलं. चांगल्या प्रतीची टीसीएल असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, दहा हजारांना पंचवीस. पावडर सरळ टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग पाणी वाढवून ढवळायचं, पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची आणि तासभर पाणी वापरायचं नाही. आजी घड्याळ न बघता तासभर कट्ट्यावर बसून राहिल्या. मग आम्ही प्रसूतिगृहातला नळ उघडला आणि नळी धरली. पिवळा रंग आला.

हे सारं त्यानंतर सुरळीत चाललं असं मी म्हणणार नाही. दीड वर्षात वैद्यकीय अधिकारी बदलले. पुढच्या मे महिन्यात बोअर पुन्हा आटली आणि टँकरची वाट पाहण्यात आठ दिवस गेले. दुसऱ्या जनसुनवाईत तोच प्रश्न पुन्हा आला. पण या वेळी आमच्याकडे टाकीची वही होती, तारखा होत्या, नावं होती, आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना 'पाहतो' म्हणून उठता आलं नाही. केंद्राच्या आवारात दुसरी बोअर मंजूर झाली ती त्या मांडवात. २०१५ साली केंद्र सरकारची 'कायाकल्प' योजना आली. स्वच्छतेला गुण, गुणांना बक्षीस. चांगली गोष्ट आहे. तरी मला असं वाटतं की तपासणीचं पथक येणार म्हणून धुतलेली टाकी आणि गावची बाई कधीही वर चढेल म्हणून धुतलेली टाकी यांत फरक असतो. पथक सांगून येतं. आणि हा प्रश्न आमच्या केंद्रापुरता नव्हता. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जगभरातल्या आरोग्य केंद्रांच्या पाण्याची पाहणी प्रसिद्ध केली. चारांतल्या एका केंद्रात पाण्याची साधी सोयही नव्हती.

गेल्या दोन वर्षांपासून माझा धाकटा मेहुणा डायलिसिसवर आहे, आठवड्यातून दोनदा. मी त्याला घेऊन जातो. चार तास बसायचं असतं, तेव्हा चौकशी करण्याची जुनी सवय जागी होते. एका वेळच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर पाणी लागतं. ते पाणी पोटात जात नाही. पातळ पडद्यापलीकडे थेट रक्ताशेजारून वाहतं. जठर नाही, यकृत नाही, मध्ये अडवायला कुणी नाही. ब्राझीलमध्ये कारुआरू नावाच्या गावी फेब्रुवारी १९९६ मध्ये एका डायलिसिस केंद्रात रुग्णांना अचानक मळमळ होऊ लागली, डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली. दुष्काळात पाणी टँकरनं येत होतं, तलावातलं, नीट शुद्ध न केलेलं. त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं. शंभर माणसांची यकृतं निकामी झाली. पन्नासहून अधिक मृत्यूंना ते विष कारण ठरलं. त्याच वर्षी ब्राझीलनं डायलिसिसच्या पाण्याचे नियम बदलले. टँकर आणि उन्हाळा या दोन शब्दांनी मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं जे येतं ते मी वेगळं सांगायला नको.

मी केंद्रातल्या तंत्रज्ञ मुलीला विचारलं, की पाण्याची वही असते का. तिनं आधी मेहुण्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. कुणी तक्रार केली का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, नाही पोरी, मी जन्मभर हेच काम केलं, मला नुसतं बघायचं आहे. ती मला मागच्या खोलीत घेऊन गेली. एकापुढं एक टाक्या, वाळूची, मग कोळशाची, मग आरओचा पडदा. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते पिणाऱ्याला वाचवतं. पण तेच रक्ताशेजारी गेलं तर तांबड्या पेशी फोडतं. म्हणून कोळशाच्या टाकीनंतर ते उरता कामा नये. पहिली पाळी सुरू होण्याआधी ती रोज तपासते.

तिनं नळी भरली, द्रव टाकला आणि खिडकीच्या उजेडाला धरली. चौतीस वर्षं पिवळा रंग यावा म्हणून थांबलेला मी पहिल्यांदा तो येऊ नये म्हणून श्वास धरून उभा होतो. पाणी तसंच राहिलं, स्वच्छ. तिनं वहीत वेळ टाकली, सही केली, आणि वही माझ्याकडं फिरवली, मला मागची पानंही पाहता यावीत म्हणून.